डावीकडचे बारा इंच

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापलेत.
ते हातात धरून
मी गुलाब परात्यांना लहान-मोठं करते आहे.

तेलरंग, बेचाळीस बाय चोवीस.
तांडापेठेच्या वळणावरचं कूलर-दुरुस्तीचं दुकान,
नागपूरचा मे.
उजवीकडे पत्र्याचा कूलर, तीन बाजूंनी उघडा,
समोर उकिडवे बसलेले पराते
जाळीत वाळा भरून राहिलेत.
मागे पंखा, टुल्लू पंप, निळा ड्रम,
सगळं उजवीकडेच.
डावीकडे भिंत.
नुसती भिंत, पिवळी माती आणि पांढरा,
आणि तिच्यावर दुपारी अडीचचं ऊन.

काल निमजे येऊन गेले, इतवारीतले फ्रेमवाले.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मॅडम, एवढी भिंत काहून ठेवून राहिल्या?
चित्र तिकडं कलून राहिलं नं.
तीस बाय चोवीसची फ्रेम तयार आहे माझ्याकडं, सागवानी.
बारा इंच उडवा. बसते बरोब्बर."

त्यांचं चुकत नाही.
पुठ्ठे तिसावर आणले
की सगळं जागच्या जागी येतं:
परात्यांचं डोकं, हवं तिथे,
ड्रमचा निळा वाळ्याच्या तपकिरीला धरून,
कोपरापासून पंपापर्यंत एक तिरपी रेघ,
जी मी आठवीच्या मुलींना बत्तीस वर्षं
फळ्यावर खडूनं काढून दाखवली.
पैकीच्या पैकी.
आणि गार.
कूलर सुरू न होताच
चित्रातलं ऊन निघून जातं.

पुठ्ठे उघडते.
पुन्हा कलतं.

खरं सांगायचं तर भिंत रिकामी नव्हती.
पहिल्या दिवशी तिथे खिळ्याला परात्यांचा सदरा होता,
आकाशी, काखेत मिठाची पांढरी कड.
फार बोलायचा तो.
लोक आधी सदराच बघतील, असं वाटलं,
म्हणून चौथ्या दिवशी सुरीनं खरवडला,
वरून भिंत चढवली.
परात्यांनी विचारलं, "माझा सदरा कुठी गेला, मॅडम?"
म्हटलं, धुवायला टाकला.
ते हसले. हात थांबले नाहीत.
मागावरचे हात ते,
वीस वर्षं लुगड्याची किनार जुळवलेले,
आता चौकोनी जाळीत गवत पसरतात,
कुठे गठ्ठा नको, कुठे भोक नको.
"जिथं विरळ राहिला नं," ते मला दाखवत होते,
"तिथूनच गरम हवा घुसते."

कापायचं नसलं तर दुमडता येतं.
बारा इंच चौकटीच्या मागे वळवायचे, चुका मारायच्या.
भिंत असेल, अंधारात, चित्राच्या पाठीला पाठ लावून.
हे सुचलं तेव्हा बरं वाटलं,
आणि चहा होईपर्यंत
स्वतःचाच राग आला.

रात्री वीज गेली.
चाचपडत मेणबत्ती शोधताना
पश्चिमेच्या भिंतीवर हात पडला.
साडेदहा वाजलेले,
आणि ती अजून तापलेली,
अंगात ताप असलेल्या माणसाच्या पाठीसारखी.
मेणबत्ती राहिली.
तशीच उभी राहिले थोडा वेळ, तळवा टेकून.

सकाळी शून्य नंबरचा ब्रश घेतला.
सदरा नाही.
फक्त खिळा,
डावीकडे, वरच्या कडेपासून चार बोटं खाली.
जळका तपकिरी, डोक्यावर पांढऱ्याचा कण,
आणि खाली उतरलेली त्याची सावली,
खिळ्याहून लांब.

फ्रिजला पाठ टेकेपर्यंत मागे गेले.
चित्र अजून कललंय.
पण कोणीतरी तिकडून
एका बोटानं धरल्यासारखं.

जवळून पाहिलं तर
भिंतीच्या पातळ थरातून
थोडं आकाशी वर येतंय.
तिथे हात लावला नाही.

निमजेंचा फोन आला, काय ठरलं मॅडम?
म्हटलं, बेचाळीसची पट्टी किती पडेल, हिशेब काढून ठेवा.
म्हणजे नक्की?
नाही, नक्की नाही.

पुठ्ठे टेबलावरच आहेत.
एकावर "शुभविवाह"मधला "वि" राहिलाय, सोनेरी,
अर्धा कापलेला.