रांजण धुताना

काखेतीतल्या आमच्या गावात वाइन जमिनीखाली झोपते.
रांजण गळ्यापर्यंत पुरलेले,
आणि दर वर्षी, द्राक्षं उतरायच्या आधी,
कुणीतरी आत उतरून ते घासायचे.
चेरीच्या सालीचा कुंचा, राख, पाणी.
आत उतरलेल्यानं गात राहायचं.
गाणं थांबलं की वरचे दोर ओढतात.

मला गाता येत नाही.
वर एतेरी बसलीय, दोर तिच्या हातात,
आणि मी आत अंधारात नावं घेतोय
ज्यांचं देणं लागतो त्यांची.
फादर सावा म्हणाले होते, सूर नसेल तर यादी म्हण.
यादीत ओतार शेवटी येतो,
घशात काटा अडकावा तसा.

गेल्याच्या गेल्या वर्षी गारा पडल्या.
त्याच्या माझ्या मळ्यांमध्ये एक अक्रोड आहे.
गारा अक्रोडापर्यंत आल्या आणि थांबल्या.
पलीकडे पान नाही, घड नाही, नुसत्या काठ्या.
अलीकडे गांधीलमाश्या, पिकलेल्या घडांवर.

मी क्रूस केला, आभार मानले,
आणि आभारांच्या तळाशी काहीतरी गोड हललं.
ते आभार नव्हते.
वीस वर्षं सणाचा पहिला पेला त्याच्या रांजणातला,
वीस वर्षं माझी पोटदुखी,
जिला पुदिना लागू पडत नाही.

फादरना सगळं सांगितलं.
रागावतील वाटलं. त्यांनी विचारलं,
"टोपल्या किती निघतील?"
"चाळीस."
मग बराच वेळ ते मेणबत्तीची वात नीट करत बसले.
चाळीसचे निम्मे किती, हे मला येतं.

पहिल्या तीन टोपल्यांत मी बारकी द्राक्षं भरली.
एतेरी काही बोलली नाही.
तिन्ही उचलून आमच्याच कुंडात उपडी केली
आणि रिकाम्या टोपल्या माझ्यापुढे ठेवल्या.

ओतारनंही आभार मानले नाहीत.
एक घड उन्हात धरून म्हणाला,
"शेवटचं पाणी जरा उशिरा तोडलंस."
गाडीचा दांडा मी मुठीत घट्ट धरून ठेवला.

वसंतात झाकणावरची माती फोडली.
तीच द्राक्षं, तोच डोंगर, तीच थंडी,
आणि त्याची वाइन माझ्यापेक्षा सरस!
मला हसू यायला हवं होतं.
आलं, पण चार दिवसांनी,
गाढवाला पाणी पाजताना,
इतकं की गाढवानं मान वर केली.

सणाला पहिला पेला त्याचाच.
तो उठला, शिंग भरलं, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"हात माझे. द्राक्षं शेजारच्याची.
ऊन कुणाचं, ते या घरात विचारायला नको."
मग मला दिसलं, त्याचेही कान लाल झालेत.
त्यालाही घेणं जड गेलं असणार, मला देणं गेलं तसं.
हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आता मी घासतोय.
माती सगळं पिऊन ठेवते, चांगलं आणि आंबलेलं.
वरून धुतलं तरी भिंतीला नाक लावलं की
मागच्या सालचा वास येतो.
धुतलेलं पाणी पिता येईल इतकं निवळेपर्यंत
धुवायचं असतं म्हणतात.
माझं अजून गढूळ आहे.

"थांबलास का रे?" दोर हलतो.
नाही, एतेरी.
ओतारपाशी आलोय.
पुन्हा म्हणतो.