दहापेक्षा कमी

डिचोलीच्या बसस्टँडमागे, बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब.
सकाळी सातला पावाचा वास जिन्याने वर येतो
आणि उपाशीपोटी आलेल्यांचा जीव खालीवर करतो.
मी सांगते, एस्ट्राडायोलला उपाशी राहावं लागत नाही,
खाली जा, उंडे खा, मग या.
कुणी ऐकत नाही. रक्त म्हटलं की उपास आलाच.

फॉर्मवर विचारायचं तेच ते:
पाळीचा कितवा दिवस?
केसांसाठी कसल्या गोळ्या चालू आहेत?
त्या गोळ्या यंत्राला फसवतात.
मयेच्या नव्या सुनेचा दुसरा दिवस,
सासू बाहेर बाकावर, पर्स पोटाशी धरून,
आकडा आधी आपल्यालाच कळणार अशा तयारीत.
कॉन्सेसांव टीचरची पाळी जाऊन अकरा वर्षं झाली.
"आता काय मोजतेस गो, तळाला उरलेली पेज?"
मी हसते, दंडाला पट्टा बांधते.

साडेआठला केतकी येते, अस्नोड्याहून, दर तीन महिन्यांनी.
आधार कार्डावर तिचं दुसरंच नाव आहे, ते इथे लिहीत नाही.
पहिल्या खेपेला मी ते मोठ्याने पुकारलं होतं
आणि बाकावरून कुणीच उठलं नव्हतं.
ती जिन्यात उभी होती,
भिंतीवरचं दरपत्रक पुन्हा पुन्हा वाचत.
आता मी नुसती मान हलवते.
"जेल कुठल्या दंडाला?"
"डाव्या."
मग उजवा.
जेलच्या हातातलं रक्त फुशारक्या मारतं.

सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर ठेवतात,
वजन सारखं नसलं की ते थरथरतं.
त्या दिवशी नळ्या भरल्या पाच.
सहावी समतोलाला पाण्याची ठेवायची असते.

मी दार लोटलं,
पट्ट्याचं टोक दातांत धरलं
आणि स्वतःच्या कोपरात सुई घातली.
एकोणचाळीस वय. सात महिने काही नाही.
दोनदा पट्टी बुडवून पाहिली, दोन्ही वेळा एकच रेघ.
रात्री घामाने उशी भिजते,
यतीन पंखा वाढवतो आणि कूस बदलतो.
लेबलवर मी लिहिलं: पाणी.

दहा मिनिटांनी सहा नळ्यांत सहा पिवळे,
उन्हात राहिलेल्या खोबरेलासारखे.
लेबल काढलं तर कुणाचं कुठलं
मलाही सांगता येणार नाही.

बाराला आकडे आले.
सून, एकेचाळीस.
टीचर, चौदा.
केतकी, एकशे त्रेसष्ट.
तिच्या आकड्यापुढे संगणकाने ठळक तारा काढला,
पुरुषाच्या चौकटीत तो मावत नव्हता.
चौकट बदलायला पाच बटणं दाबावी लागतात
आणि कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: रुग्ण स्त्री आहे.
पाणी, दहापेक्षा कमी.

यंत्र शून्य म्हणत नाही.
दहाच्या खालचं आपल्याला दिसत नाही
एवढंच कबूल करतं.
टीचरच्या तळाला माझ्याहून जास्त पेज.

मनात आलं, माझ्यातून गेलं ते केतकीकडे पोचलं असेल.
सोयीचा विचार, आणि खोटा.
तिचं ती पणजीहून विकत आणते,
पगारातून बाजूला काढून, घरच्यांना न सांगता.
माझं कुठे गेलं, ते विचारायला खिडकीच नाही.

संध्याकाळी ती रिपोर्ट न्यायला आली.
आकड्याखाली बोट धरून दोनदा वाचलं.
"बरो मगो?"
"बरो."
तिने पिशवीतून दोन उंडे काढले, अजून गरम,
आणि माझ्या रजिस्टरवर ठेवले.
"सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही."
खरं होतं ते.
सगळ्यांना सांगणारी मीच.

पाणी लिहिलेली नळी फ्रिजमध्ये ठेवली आहे,
सात दिवस ठेवायचा नियम आहे.
महिन्याने पुन्हा तपासायला हवं, या वेळी नाव घालून.
फॉर्म पुढ्यात आहे.
पाळीचा कितवा दिवस, या रकान्यात
काय लिहू? दोनशे अठ्ठाविसावा?