आत नेल्याची नोंद

येऊरच्या नाक्यावर पाडवी पिशव्या तपासतो.
जाताना बाटल्या, आगपेट्या, स्पीकर.
येताना बांबूचे कोंब, मध,
कधी टोपलीखाली एखादं पोपटाचं पिल्लू.

माझ्या पिशवीत ओल्या टॉवेलात सहा पानं.
"हे काय?"
"आमरी. सीतेची वेणी. इथलीच आहे."
"बाहेर नेताय?"
"आत."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.
वहीत तसा रकानाच नव्हता.
शेवटी पट्टी शोधून एक रेघ मारली, लिहिलं:
आत – आमरी, एक. आजारी.

तीन वर्षांमागे उपवनच्या कट्ट्यावर
एक पोरगा विकत होता, शंभराला दोन.
"फूल येतं काकू, एवढं,"
मनगटापासून कोपरापर्यंत दाखवलं त्याने.
मी घासाघीस करून ऐंशीला घेतल्या.
हेही सांगायला हवं.

घोडबंदरला, सतराव्या मजल्यावर,
लाल माती, शेणखत, गळ्यापर्यंत पुरल्या.
एक श्रावणातच कुजली.
दुसरी कुंडीच्या काठावरून
मुळं बाहेर टाकू लागली,
पांढरी, जाड, भिंत चाचपणारी.
मला वाटलं, रोग.
मी कात्रीने कापली.

बबी वरठा रोपवाटिकेत रोजावर असते.
तिने पानं उलटीपालटी केली, देठ हुंगला.
"मातीत घातली व्हती?"
मी गप्प.
"हिला माती नको. धरायला कोनतरी पायजे, बास."
"झाडाचा रस पीत नाही?"
"त्ये बांडगूळ. ही नुसती राहते."

ऐनाच्या सुसरपाठी सालीवर
तिने ती टेकवली,
माझ्या ओढणीची पट्टी फाडून बांधली.
मी नायलॉनची दोरी पुढे केली होती.
"नको. मुळानं धरलं
की चिंधीनं कुजायला पायजे."

यंदा वैशाखात शेजारच्या आंब्यावर
गुलाबी ठिपक्यांच्या वेण्या लोंबतायत, माश्या घोंगावतायत.
ऐनावर काही नाही.
बाटलीतलं पाणी शिंपडलं,
तर कात्री लागली होती तिथूनच
दोन मुळं निघालेली,
ओली होताच पांढऱ्याची हिरवी झाली,
एक तर गाठ ओलांडून सालीच्या भेगेत शिरलेलं.

चिंधी अजून कुजलेली नाही.
बबी म्हणते, कुजेल.