निरंक

बावीस वर्षं मी रिवणच्या खाणीवर काट्याला होते.
ट्रक चढायचा, डोलायचा, थांबायचा,
आकडा स्थिरावला की मी लिहायचे.
भरलेला उणे रिकामा, उरला तो दगड.
एवढंच गणित येतं मला.

खाण बंद पडली. पावतीपुस्तकं उरली,
कडेला लाल धूळ, पाठ कोरी.
त्या पाठीवर आता रोज साडेआठला सूर्य पाडते,
शाळेच्या भंगारातून आणलेल्या दुर्बिणीतून, बशीएवढा,
आणि त्याचे डाग पेन्सिलीने टिपते.
परवा सात. काल पाच.
मोठा होता तो कडेला सरकलाय,
सांजच्या बार्जीसारखा, वळणाआड जायच्या बेतात.
जाऊबाई म्हणतात, देवाचे डाग मोजू नयेत,
निदान कुणाला सांगू तरी नये.
सांगत नाही. लिहून ठेवते.

शेंडेनक्षत्र आलं तेव्हा
मी आणि इनास तीन संध्याकाळी बेतुलला गेलो.
दोन दिवस नुसते ढग.
तिसऱ्या दिवशी समुद्रावर हातभर,
ओल्या फळ्यावर खडू ओढावा तसा फराटा.
इनासने टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी.
मासळीवाल्या बायांनी वर पाहिलं,
"इतकुलेंच?" म्हणाल्या,
आणि पाट्या डोक्यावर घेतल्या.

पण सांगायचंय ते त्या शुक्रवारचं.
एक दगड, नाव नसलेला, नुसता नंबर, ट्रकासारखा,
पहाटे तीन अकराला
मिथुनेतल्या एका फिक्या ताऱ्यासमोरून जायचा होता.
त्याची सावली घाट उतरून, गोवा ओलांडून
समुद्रात. चार सेकंद, फार तर पाच.
आम्ही तिच्या वाटेवर पांगून बसलो,
साखळीला दामोदर, फर्मागुडीला शमीम,
केप्याला इनास आपल्या गच्चीवर,
आणि सगळ्यात खाली, रिवणला, मी.

काट्याच्या खोपीचं छप्पर गेलंय.
लोखंडी पाटा आहे, गंजलेला,
पाय ठेवला की अजून जरासा डोलतो,
म्हणून दुर्बीण बाजूला, कातळावर मांडली.
खाली खंदकात हिरवं पाणी,
त्यात कुठलातरी एक बेडूक, वेळ न बघता.
मोबाइल सेकंद मोजत होता.
ठरलं होतं: विझला की "गेला" म्हणायचं,
पेटला की "आयलो".
शब्द जिभेवर घेऊन बसले,
पापणी धरून ठेवली, डोळ्यातून पाणी आलं.

तीन अकरा. तीन बारा. तीन तेरा.
तारा होता तिथेच होता.

आयुष्यभर दगड माझ्या सहीने गेले.
हा पहिलाच, न विचारता गेलेला.
पहिलाच कसला? तसे खूप गेले.

मग फोन. साखळी, दीड सेकंद.
फर्मागुडी, तीनला थोडे कमी.
शमीमचा आवाज चढलेला, मागे तिची आई हसतेय.
केपे, अर्धा सेकंद, जेमतेम.
"आणि तुका?"
मी म्हटलं, काही नाही रे. माझ्याकडे दगडच आला नाही.
तो गप्प. मग एकदम,
"अगो बाय, केप्याला गेला, रिवणला गेला नाही,
मग त्याची कड कुठे आली सांग बघू?"

आमच्या मधे पाच-सहा किलोमीटर काजू आहे,
एक ओहोळ, एक खुरीस, शाबल्याचं गॅरेज.
तिथून कुठूनतरी.
कोट्यवधी कोसांवरच्या दगडाची कड.

पावतीची पाठ उलटून पुढची बाजू घेतली.
गाडी नंबर. वेळ. भरलेला. रिकामा.
निव्वळच्या रकान्यात लिहिलं: निरंक.
खाली सही.

घरी येऊन पेज टाकली. झोप नव्हतीच.
साडेआठला ऊन अंगणात आलं.
डाग चार. मोठा गेला.
पूर्वेच्या कडेला एक नवा, बारीक,
की भिंगावरची बुरशी?
भिंग फिरवून पाहिलं.
फिरला नाही.