निम्मं

मी कोर्टात लघुलेखक. लोक बोलतात, मी टिपते.
खटला गिंबाच्या उत्तरेकडच्या साडेनऊ हेक्टर भातशेतीचा.
सरकारने ती बहात्तर सालच्या ऑक्टोबरात
कुळांना दिली, कागदावर.
मालकिणीचे पैसे द्यायचे राहिलेत.
आज दोन हजार आठ, मार्च, पंखा बंद.

बँकेचे वकील म्हणाले, सूत्र सोपं आहे:
सरासरी पीक, गुणिले अडीच, गुणिले पस्तीस.
पस्तीस पेसो हा त्या साली एका काबानचा,
म्हणजे एका पोत्याचा, सरकारी भाव.
सकाळी मी कोर्टासमोर खाल्लं:
लसणीचा भात, एक अंडं, सुकी मासळी.
पस्तीस झाले.
हे मी टिपलं नाही.

साक्षीला युफ्रोसिना लाक्सामाना,
वय एक्याऐंशी, निवृत्त शिक्षिका.
पर्समधून करपावत्या निघाल्या, रबरबँड केव्हाच विरघळून
कागदाला चिकटलेलं.
'सत्तर सालचं हे पत्रक. हेक्टरी नऊशे. सही तुमची?'
'माझी.'
'म्हणजे तेव्हा तुमच्या मते जमीन नऊशेची.'
'कराच्या मते.'
'आणि आज तुमच्या मते?'
ती म्हणाली,
'आम्ही नऊशे सांगितले की कारकून हसायचा.
हसत हसत शिक्का मारायचा.
तुमच्याकडे फक्त शिक्का आलाय.'

मग तेओदुलो बाग्सिक. आधी कूळ, आता धारक,
तीस वर्षांच्या हप्त्यांतले अकरा थकलेले.
कायदा म्हणतो, पेरणीची तीन सामान्य वर्षं सांगा.
'सामान्य म्हणजे कसं?'
'पूर नाही, रोग नाही, उंदीर नाही.'
तो छताकडे बघत राहिला. मलाच अवघडल्यासारखं झालं.
'असं वर्ष मला नाही भेटलं, साहेब.'
न्यायाधीश म्हणाले, त्यातल्या त्यात.
'मग सदुसष्ट. त्या साली रेडा चोरीला गेला,
पण भात उभा राहिला होता.'
'हेक्टरी किती?'
'अडतीस काबान.'

मागच्या बाकावरून, परवानगीशिवाय: 'बहात्तर!'
वकील उठले, न्यायाधीशांनी हातोडी आपटली.
'माझ्याकडे वही होती,' ती म्हणाली.
वही कुठाय?
वही पुरात गेली.

जास्त पीक म्हणजे तिला जास्त,
आणि जितकं तिला, तितका त्याचा हप्ता.
हे दोघांनाही कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात एकच बाक सावलीत.
तिथे दोघं. मधे तिची पर्स.
'तेओ, खरं सांग, एक्कावन्न होती ना?'
'एक्कावन्न, बाई. तुम्ही स्वतः मोजली होती,
खळ्यावर, खडूने रेघा मारून.
पण तुमचा वकील बहात्तरवर अडून बसलाय,
मग मला खाली उतरावंच लागतं.'
'तिसरीत तू वजाबाकीत कच्चा होतास.'
'अजून आहे.'
मी चहाचा कप घेऊन तिथून उठले.
सुट्टीतलं बोलणं नोंदीत येत नाही.

दुपारी न्यायालयाने मध्य काढला: पंचावन्न.
वरची चार पोती कुठल्या शेतात पिकली,
मला विचारू नका.
त्याला अडीचने गुणलं, पस्तीसने गुणलं,
चार हजार आठशे बारा पेसो, पन्नास सेंतावो.
पण पस्तीसच धरायचे की आजचा भाव,
आणि छत्तीस वर्षांचं व्याज कुणाच्या माथी,
यावर पुढची तारीख. जून.
जूनमध्ये ती ब्याऐंशीची होईल.

पाच वाजता ती माझ्या टेबलाशी आली.
साक्षीची नक्कल हवी.
पानं एकेचाळीस, पानाला दहा पेसो.
'एकच प्रत कर,' ती म्हणाली, 'दोघांत.'
तेओदुलोने खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या,
दोनशे, आणि वर पाचाचं एक नाणं.
बरोब्बर निम्मं, टेबलावर ठेवून
तो एक पाऊल मागे सरकून उभा राहिला.

तिने चष्मा लावला
आणि मोजून घेतलं.