तूस

फतेहगंजात, कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये
भागीरथभाई माती तुडवताहेत.
विश्वामित्रीच्या काठची, पूर ओसरल्यावर उचललेली.
मूठमूठ भाताचं तूस घालतात
आणि विचारतात, बेन, तुमच्या त्या चिन्यांनी काय घातलं होतं?

तूसच, मी म्हणते.
सात हजार वर्षांपूर्वी, दक्षिणेच्या दलदलीत,
सडून उरलेलं तूस, जळकं गवत.
भांडं काळं व्हायचं, जाड, ओबडधोबड,
पण चुलीवर तडकायचं नाही.
कुठे वाळू, कुठे कुटलेले शिंपले.
ज्याच्या दारात जे.

"एटले अमारा जेवा ज," ते म्हणतात, आणि पाय थांबत नाहीत.

वळ्या रचायचे, एकीवर एक,
दोरी गुंडाळलेल्या फळीनं थोपटायचे.
त्या दोरीचा पीळ अजून मोजता येतो.
मग उत्तरेला, नदीकाठच्या लाल घटांवर मासे आले,
कुंचल्याच्या एका फटक्यात काळे.
मग चाक, आधी मंद,
मग भरधाव,
आणि काळे पेले इतके पातळ
की अंड्याचं कवच जाड वाटावं.
ते थडग्यांत सापडले.
त्यांतून रोज कुणी पाणी प्यालं असेल
असं मला वाटत नाही.
त्यांवर एकही बोट उमटलेलं नाही.

"आंगळी नथी, तो कुंभार क्यां?"

पुढचं मी हळू सांगते.
पांढरी माती सापडली. भट्टी उतारावर लांबत चढली.
आग इतकी तापली की लाकडाची राख उडून
घटाच्या खांद्यावर बसली आणि काच झाली.
कुणी ठरवलं नव्हतं.
भट्टी उघडणाऱ्यानं आधी शिवी हासडली असेल,
मग नखानं खरवडून पाहिलं असेल,
आणि पुढच्या खेपेला
राख मुद्दाम पाण्यात कालवली असेल.

आमची भट्टी विजेची. राख उडत नाही.
भागीरथभाई मागच्या अंगणात शेणी रचून
आपली दोन मडकी वेगळी भाजतात. प्राध्यापक बघत नाहीत.

परवाचं एक मी उजेडात धरलं.
तूस जळून गेलेलं,
प्रत्येक तुसाच्या जागी तुसाएवढी पोकळी.
आत हात घातला : तीन बोटांचे कंगोरे, मग एक सपाट पट्टी.
थानच्या कारखान्यात, माती मळायच्या यंत्रात
त्यांची तर्जनी गेली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

भरा पाणी, ते म्हणाले.
पाझरेल थोडं. पाझरू द्या.
सकाळी मडक्याखालची फरशी ओली होती.