ऑफ म्हणजे वाजली

नव्या शिडीचं पुस्तक इंग्रजीत आहे.
दोनशे बारा पानं.
साहेब म्हणाले, कुवेसकर, शिडी तुम्ही चढाल,
पुस्तक कोण चढणार?
म्हणून मंगळवार-शुक्रवार, पाळी नसेल तेव्हा,
माझगावला रिबेलो मिसकडे,
दुसरा मजला,
उंबऱ्यावर झोपलेलं मांजर ओलांडून.

मिस म्हणतात, क्रियापदं तुम्हाला येतात.
गो, कम, पुट, ब्रेक, गिव्ह.
शाळेत छड्या खाऊन पाठ केलीत.
आता त्यांच्या शेपट्या शिका.

पुट आउट म्हणजे विझवणं.
हे मला आवडलं.
चोवीस वर्षं हेच करतोय
आणि माहीत नव्हतं, की इंग्रजीत
आग उचलून दाराबाहेर ठेवतात,
रात्री रिकामी दुधाची बाटली ठेवायचो तशी.
पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं.
पुट अप विथ म्हणजे सोसणं. त्याला दोन शेपट्या.
सोसायला एक पुरत नसावी.

पंखा ऑफ म्हणजे बंद. दिवा ऑफ म्हणजे बंद.
मग घंटा वेन्ट ऑफ म्हणजे?
मी म्हणालो, बंद पडली.
मिस म्हणाल्या, वाजली.
मी हसलो. मग हसू गेलं.
भायखळ्याला आमच्यातला एखादा
इंग्रजी असं समजून
कूस बदलून झोपला असता तर?

घर बर्न डाउन होतं, कागद बर्न अप होतो.
मिस, ज्वाळ दोन्ही वेळा वरच जाते.
मी पाहिलंय.
त्या म्हणाल्या, तुम्ही पाहिलंय. भाषेनं कुठे पाहिलंय?

आग ब्रेक आउट होते.
दार आम्ही ब्रेक डाउन करतो, तीन घावांत, बिजागरीकडून.
माणूसही ब्रेक डाउन होतो.
तेव्हा कुऱ्हाड कुणाच्याच हातात नसते.
आणि जिना गिव्ह वे करतो.
म्हणजे वाट देतो?
म्हणजे कोसळतो.
मी पेन खाली ठेवलं.

शिवडीच्या गोदामात जिन्यानं वाट दिली होती.
घोगळे आत गेला.
आमच्यात एवढंच म्हणतात, आत गेला.
वेन्ट इन, मिस म्हणाल्या, बरोबर. पुढे?
पुढे नाही, मिस.

त्या बराच वेळ मांजराकडे बघत राहिल्या.
पुढचं पान गेट ओव्हरचं होतं,
ते त्यांनी दुसऱ्या पानाला चिकटलंय असं समजून
उलटलं.

चहा झाल्यावर मीच सांगितलं,
तेव्हा बायको म्हणाली होती, एकदा रडून घ्या.
मिसनी कप बशीत ठेवला.
चाळीस वर्षं मराठी ऐकत्येय मी.
रडून घ्या? त्यातलं घ्या म्हणजे काय?
काय घ्यायचं असतं?

मी बोटांवर मोजू लागलो.
जेवून घ्या. पडून घ्या. सांगून टाका.
बोलून बघा. विसरून जा.
हसून बसला. येऊन ठेपला. मरून गेला.
अरे, आमच्याही क्रियापदांना शेपट्या,
आम्ही त्यांच्यावरच बसलेलो,
म्हणून दिसल्या नव्हत्या इतकंच.
पण रडून नेमकं काय घ्यायचं
ते काही मला सांगता येईना.
जेवून घेतलं की पोटात काहीतरी असतं.

शुक्रवारी गृहपाठ टर्न इन करा, मिस म्हणाल्या.
टर्न इन म्हणजे वही देणं.
टर्न इन म्हणजे अंथरुणाला पाठ टेकणंसुद्धा.

आज रात्रपाळी.
खाटेखाली बूट, चवडे दाराकडे,
पँट बुटांवरच दुमडून ठेवलेली,
नुसते पाय घातले की झालं.
उशाखाली वही.
दहातली सात वाक्यं झालीत,
आठव्यात गेट ओव्हर वापरायचंय.
पलीकडच्या खाटेवर नवा पोरगा घोरतोय,
घोगळेच्या खाटेवर.
दोन्ही टर्न इन माझे अजून बाकी.